पंचांगात नसलेला तारा

सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या आकाशात अशी एक वेळ येते, की गावात दिवेलागण होऊन गेलेली असते, भोवतीच्या डोंगरांच्या कडा काळोखात मिसळू लागलेल्या असतात, आणि तरीही गावाच्या बरोबर माथ्यावर, चारशे किलोमीटर उंचीवर, ऊन अजून ढळलेले नसते. देवळाच्या ओवऱ्या सावलीत गेल्यावरही कळसावर थोडा वेळ ऊन रेंगाळते, त्याच न्यायाने पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांवर ते आणखी बराच वेळ पडत राहते. उपग्रहाला जमिनीवरून दिसेल असा स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या धातूच्या अंगावरून आणि सौरपंखांवरून परावर्तित झालेले ऊन तेवढे खाली पोहोचते. म्हणून उपग्रह दिसण्यासाठी पाहणारा रात्रीत आणि पाहिली जाणारी वस्तू दिवसात असावी लागते, आणि हा योग रोज दोनदाच जुळतो, एकदा तिन्हीसांजेनंतर आणि एकदा पहाटे. मध्यरात्री गच्चीवर जाऊन उपग्रह शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येते, कारण त्या वेळी डोक्यावरून जाणारे जवळचे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत बुडालेले असतात.

या योगाची लांबी ठिकाणागणिक बदलते. चारशे किलोमीटर उंचीवरची वस्तू ऐन माथ्यावर असताना तिच्यावरचे ऊन जाण्यासाठी सूर्य क्षितिजाखाली सुमारे वीस अंश उतरावा लागतो. औंढा साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. या अक्षांशावर सूर्य फारसा तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली बुडतो, आणि वीस अंशांची ही उतरण सव्वा ते दीड तासात संपवतो. त्यातला पहिला अर्धा तास आकाश उजळ असल्यामुळे वाया जातो, आणि उरतो तो जेमतेम पाऊण-एक तास. लंडनसारख्या उत्तरेकडच्या शहरात जून महिन्यात सूर्य रात्रभर क्षितिजाखाली खोल असा जातच नाही, त्यामुळे तिथल्या निरीक्षकाला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एकाच रात्रीत अनेकदा दिसू शकते. मराठवाड्यातल्या माणसाला ही चैन नाही. डिसेंबरात साधारण सव्वासहा ते सात-सव्वासात एवढाच वेळ त्याच्या हाती असतो, आणि वर्षाच्या हिशेबातून पावसाळ्याचे चार महिने वजा करावे लागतात ते वेगळेच. मात्र पाऊस सरला की आभाळ धुऊन निघालेले असते, आणि त्याच सुमारास, कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या देवळांत काकड आरती चालते. तिच्यासाठी पहाटे पाचच्या पुढे घराबाहेर पडलेली माणसे ज्या आकाशाखालून चालत जातात, ते उपग्रह पाहण्याच्या दृष्टीने वर्षातले बहुधा सर्वांत चांगले आकाश असते. गव्हाला किंवा हळदीला रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणारा शेतकरी तर या बाबतीत कोणत्याही खगोलप्रेमीच्या पुढे आहे. लाइट येण्याची वाट पाहत बांधावर बसून राहणे हे निरीक्षणाचे उत्तम शिक्षण आहे. त्याची वही कोणी ठेवत नाही, एवढेच.

आकाशातून जाणाऱ्या या प्रवाशांत सर्वांत ठळक दिसते ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्याचा पहिला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये सोडण्यात आला आणि २ नोव्हेंबर २००० पासून त्यात माणसांची वस्ती अखंड चालू आहे. ते टोकापासून टोकापर्यंत १०९ मीटर पसरलेले असून त्याचे वजन सुमारे ४२० टन आहे. ताऱ्यांची तेजस्विता मोजण्यासाठी ‘प्रत’ हे माप वापरतात, आणि त्यात आकडा जितका लहान तितके तेज अधिक: उघड्या डोळ्यांना कशीबशी दिसणारी चांदणी सहाव्या प्रतीची, रात्रीच्या ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी असलेला व्याध उणे दीड प्रतीचा, तर अनुकूल फेरीत हे स्थानक उणे तीनच्याही पुढे, म्हणजे गुरूला मागे टाकून शुक्राच्या जवळपास जाते. ते पाहायला दुर्बीण लागत नाही. उलट दुर्बीण अडचणीचीच ठरते, कारण तिच्यातून दिसणारा आकाशाचा तुकडा इतका लहान असतो की सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारी वस्तू तिच्यात सापडेपर्यंत निसटलेली असते.

औंढ्यावरून जाणारी एखादी चांगली सायंकाळची फेरी बारकाईने पाहण्यासारखी असते. नैर्ऋत्येला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या, म्हणजे क्षितिजापासून दहा अंश उंचीवर, एक मंद पिवळसर ठिपका वर चढताना दिसतो. त्या क्षणी स्थानक प्रत्यक्षात लक्षद्वीपच्याही पश्चिमेला अरबी समुद्रावर असते आणि पाहणाऱ्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असते. पहिल्या मिनिटात ते हलते आहे की नाही असे वाटण्याइतके सावकाश सरकते. मग अंतर भराभर कमी होत जाते तसतसा वेग आणि तेज दोन्ही वाढतात, आणि तीन मिनिटांत ते खस्वस्तिकाजवळ, म्हणजे पाहणाऱ्याच्या बरोबर डोक्यावरच्या बिंदूजवळ, पोहोचते. नेमक्या त्याच वेळी मुंबईतल्या माणसाला ते पूर्वेकडे, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर दिसत असते, आणि सोलापूर, नागपूर, हैदराबाद इथल्या माणसांनाही आपापल्या दिशेला दिसत असते. आणखी तीन मिनिटांनी ते ईशान्येला उतरते तेव्हा नेपाळच्या आकाशात असते. विमानाप्रमाणे त्याचा दिवा लुकलुकत नाही, उल्केप्रमाणे ते क्षणात संपत नाही, आणि त्याचा आवाज तर येण्याची शक्यताच नाही. इतका मोठा पल्ला इतक्या निमूटपणे पार पडताना पाहून पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून विचारतो की यात खरोखर माणसे आहेत का.

ते नैर्ऋत्येकडून का येते, याचे उत्तर ‘नती’ या संज्ञेत आहे. उपग्रहाची कक्षा, म्हणजे त्याचा पृथ्वीभोवतीचा मार्ग, विषुववृत्ताशी जो कोन करते त्याला नती म्हणतात. या स्थानकाची नती ५१.६ अंश आहे; त्यामुळे ते ५१.६ अंश उत्तर आणि तितक्याच दक्षिण अक्षांशांच्या मधल्या पट्ट्यात वर-खाली झोके घेत राहते आणि औंढ्यासारख्या ठिकाणावरून एकतर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चढताना किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे उतरताना जाते. चीनच्या ‘तियांगोंग’ या स्थानकाची नती ४१.५ अंश असल्यामुळे त्याचा मार्ग पूर्व-पश्चिम दिशेकडे अधिक कललेला असतो, आणि थोड्या सरावाने केवळ चालीवरून हे दोघे वेगळे ओळखता येतात. ५१.६ हा आकडा भारताला जुना परिचयाचा आहे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या सोव्हिएत ‘साल्युत ७’ स्थानकात राहिले, त्याची नतीही हीच होती, आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ज्या स्थानकात राहिले त्याचीही हीच. एकेचाळीस वर्षांच्या अंतराने गेलेल्या या दोन भारतीयांनी मराठवाडा ओलांडला तो एकाच तिरक्या वाटेने. फरक पडला तो आभाळाचा. शर्मा यांच्या वेळी चैत्राचे मोकळे आकाश होते. शुक्ला मात्र २६ जूनला स्थानकात पोहोचले आणि १४ जुलैला तेथून निघाले, म्हणजे त्यांचा मुक्काम ऐन आषाढी वारीच्या दिवसांत पडला, आणि त्या दिवसांत मराठवाड्याला स्थानक दिसण्यापेक्षा ढग दिसलेले अधिक बरे वाटतात.

सायंकाळच्या पुष्कळशा फेऱ्या क्षितिजापर्यंत पोहोचतच नाहीत. ईशान्येकडे अर्ध्या वाटेवर असताना स्थानक तांबूस होते, काही सेकंदांत मंदावते आणि निरभ्र आकाशात नाहीसे होते. ढग नसताना, डोंगर आड आलेला नसताना एवढी तेजस्वी वस्तू मधल्यामध्ये विझावी याचे नवख्याला मोठे कोडे पडते, आणि गावातल्या गप्पांत त्याला उडत्या तबकडीचे रूप यायला वेळ लागत नाही. प्रत्यक्षात ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते. चंद्रग्रहणात जे घडते तेच इथे घडते: पृथ्वी सूर्य आणि ती वस्तू यांच्या मध्ये येते, आणि पूर्ण अंधार होण्यापूर्वी शेवटचे जे किरण तिच्यापर्यंत पोहोचतात ते पृथ्वीच्या वातावरणातून गाळून आलेले असल्यामुळे तांबडे असतात. पहाटेच्या फेरीत हाच क्रम उलटा होतो. पश्चिमेकडच्या रिकाम्या आकाशात ठिपका अवचित उगवतो आणि पूर्वेकडच्या उजेडाकडे निघून जातो. सुमारे त्र्याण्णव मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा करणाऱ्या या स्थानकाला दिवसातून पंधरा-सोळा वेळा असे ग्रहण लागते, त्याला ना वेध असतात ना सुतक, आणि मोक्षकाळाचे दान मागायलाही कोणी येत नाही.

खरे पाहता या ग्रहणाची सावली वेगळीही पाहता येते. सूर्यास्तानंतर पूर्वेकडचे क्षितिज मोकळे असेल तर तिथे जमिनीलगत निळसर करड्या रंगाचा एक पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्या वरच्या कडेला फिकट गुलाबी झाक असते. हा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली होय. औंढ्याच्या डोंगरातून ती चटकन दिसत नाही, पण थोडे बाहेर, सोयाबीन निघून गेलेल्या सपाट रानात उभे राहिले की स्पष्ट दिसते. उपग्रह ज्या सावलीत बुडतो तीच ही सावली. ती पंधरा-वीस मिनिटांत रात्रीच्या काळोखात मिसळून जाते आणि मग उपग्रहांच्या विझण्यावरूनच ती कुठवर आली आहे याचा माग लागतो.

मराठी माणसाला आकाशातल्या घडामोडींचे वेळापत्रक घरात खुंटीला टांगलेले असण्याची सवय आहे. ते वेळापत्रक बिनचूक असावे यासाठी एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात मोठा खल झाला. जुन्या ग्रंथांतले गणित वापरून काढलेल्या ग्रहणांच्या आणि ग्रहस्थितींच्या वेळा प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशा झाल्या होत्या. केरोपंत छत्र्यांनी आधुनिक गणितावर पंचांग उभे करण्याचा पाया घातला, त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीची बाजू लावून धरली, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या साऱ्याचा इतिहास मांडला आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवी कोष्टके रचली. या मंडळींच्या लेखनात ‘दृक्प्रत्यय’ ही कसोटी वारंवार येते. गणिताने जे सांगितले ते ठरल्या वेळी ठरल्या जागी डोळ्यांना दिसले पाहिजे, असा तिचा अर्थ. उपग्रह पाहायला अंगणात उभा राहणारा माणूस मोबाइलवरच्या वेळेशी आकाश ताडून पाहतो तेव्हा नकळत हीच कसोटी लावत असतो.

परंतु इथे एक विलक्षण गोष्ट आहे, जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पन्नास वर्षांनी होणाऱ्या सूर्यग्रहणाची वेळ आजच काही सेकंदांच्या आत सांगता येते. पुढच्या महिन्यात अंतराळ स्थानक औंढ्यावरून नेमके कधी जाईल, हे मात्र तितक्या खात्रीने सांगता येत नाही. माणसाने स्वतः घडवून, स्वतः मोजून सोडलेली वस्तू त्याच्या हिशेबात राहत नाही आणि ज्याच्या घडणीत त्याचा हात नाही तो चंद्र राहतो. कारण अगदी ऐहिक आहे. चारशे किलोमीटर उंचीवरही हवेचा अत्यंत विरळ अंश उरतो, तो स्थानकाला सतत किंचित मागे ओढतो, आणि त्यामुळे ते महिन्याला सुमारे दोन किलोमीटर खाली घसरते. मग इंजिने चालवून त्याला पुन्हा वर ढकलावे लागते. कक्षेची उंची एक किलोमीटरने कमी झाली की प्रत्येक प्रदक्षिणा साधारण सव्वा सेकंदाने लवकर पूर्ण होते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण दिवसाला पंधरा-सोळा प्रदक्षिणांच्या हिशेबाने तो फरक एकोणीस-वीस सेकंदांचा आणि महिन्यात साडेनऊ मिनिटांचा होतो. स्थानकाचा औंढ्याच्या आकाशातला सारा मुक्काम सहा मिनिटांचा! महिन्याभरापूर्वीचा अंदाज घेऊन बाहेर आलेला माणूस रिकाम्या आकाशाकडे पाहत बसणार हे उघड आहे. म्हणून उपग्रहांचे पंचांग वर्षाचे छापता येत नाही. प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची मोजमापे ६९ अक्षरांच्या दोन ओळींत बसवून अमेरिकी लष्कराच्या निरीक्षणजालाकडून पुन्हा पुन्हा नव्याने प्रसिद्ध केली जातात, आणि मोबाइलवरची ॲप त्यांवरून त्या त्या गावाची वेळ काढतात.

त्या विरळ हवेचा स्वभावही स्थिर नाही. सूर्यावरची खळबळ वाढली की वातावरणाचा वरचा थर तापून फुगतो आणि उपग्रहांवरची ओढ वाढते. १९७९ मध्ये अमेरिकेचे सुमारे ७७ टनांचे ‘स्कायलॅब’ हे अंतराळ स्थानक अपेक्षेपेक्षा लवकर खाली आले ते यामुळेच. ते नेमके कुठे पडेल हे शेवटपर्यंत कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हते, आणि भारतातल्या ज्या पिढीने त्या जुलैतले दिवस अनुभवले तिच्या बोलण्यात स्कायलॅब हा शब्द पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिला. ११ जुलै १९७९ रोजी त्याचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तेव्हाही ग्रहणांची पंचांगे अचूकच होती. अचूक नव्हते ते माणसाने केलेल्या वस्तूचे भाकीत.

मागोवा घेण्याची ही गरज पहिल्या उपग्रहाबरोबरच निर्माण झाली होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेला तेव्हा जगभर लोकांनी जो ठिपका पाहिला तो बहुतांशी स्पुटनिक नव्हताच. अर्धा-पाऊण मीटरचा तो गोळा उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याजोगा होता, आणि लोकांना दिसत होता तो त्याच्या मागोमाग त्याच कक्षेत फिरणारा अग्निबाणाचा मोठा रिकामा भाग. त्या काळात उपग्रहांची छायाचित्रे घेण्यासाठी जगभरात बारा ठिकाणी बेकर-नन नावाचे खास कॅमेरे बसवले गेले आणि त्यांतला एक नैनितालच्या वेधशाळेत होता. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था त्याआधीच, १९४४ मध्ये, स्थापन झालेली होती, त्यामुळे हौसेने आकाश पाहण्याची शिस्त महाराष्ट्रात उपग्रहांपेक्षा जुनी म्हणावी लागेल.

औंढ्याच्या सर्वाधिक उपयोगी पडणारे उपग्रह मात्र औंढ्यातून दिसत नाहीत, ही त्यातली गंमत. घराघरांच्या पत्र्यांवर आणि गच्च्यांवर बसवलेल्या डिश जरा नीट पाहिल्या तर त्यांतल्या बहुतेक दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधल्या आकाशाकडे तोंड करून असतात. एखादी गंजून तिरकी झालेली असेल, एखादीवर कपडे वाळत घातलेले असतील, पण दिशा सुटलेली नसते. विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर भूस्थिर उपग्रह असतात. त्यांची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका फेरीइतक्याच वेळात होते, त्यामुळे ते आकाशात एका जागी खिळल्यासारखे राहतात आणि डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही. इतक्या अंतरावरचा उपग्रह साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण तो कुठे आहे हे गावातली प्रत्येक डिश चोवीस तास दाखवत असते. भारताचे जमिनीची छायाचित्रे घेणारे रिसोर्ससॅट मालेतले उपग्रह याहून वेगळे. ते आठशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून जवळजवळ उत्तर-दक्षिण फिरतात, आणि पिकांवर पडणारे ऊन दर वेळी सारख्याच कलाचे असावे म्हणून त्यांची कक्षा अशी आखलेली असते की कोणत्याही गावावरून ते सकाळी साडेदहाच्या आसपास आणि रात्री त्याच सुमारास जावेत. सकाळी उजेडामुळे आणि रात्री साडेदहाला सावलीमुळे औंढ्याच्या माथ्यावर ते दिसण्याचा योगच येत नाही. हळद आणि सोयाबीनचे क्षेत्र वरून मोजणारा हा डोळा खालच्या डोळ्यांना कधी सापडत नाही.

दिसणे आणि पडणे यांतला फरक महाराष्ट्राने २ एप्रिल २०२२ रोजी पाहिला. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती, लोक घराबाहेर होते, आणि विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र यांच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग तांबड्या शेपट्या सोडत गेली. कोणाला ते विमान वाटले, कोणाला उल्का, आणि काहींना युद्धाचीच शंका आली. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत संपते. ही रांग त्यापेक्षा कितीतरी सावकाश आणि क्षितिजाला जवळजवळ समांतर जात होती, आणि कक्षेतून खाली येणाऱ्या मानवनिर्मित वस्तूची हीच खूण असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. चौदा महिने जो तुकडा ठिपका म्हणूनही कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तो खाली आला तेव्हा सणाच्या दिवशी शेकडो मोबाइलांत टिपला गेला.

२०१९ पासून आकाशात आणखी एक दृश्य वारंवार दिसू लागले आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक कंपनीचे उपग्रह एका अग्निबाणातून मोठ्या संख्येने सोडले जातात आणि पहिले काही दिवस एकामागोमाग एक असे रांगेने जाताना दिसतात. पुढे ते पांगतात, वर चढतात आणि मंदावतात. त्यांची संख्या आता काही हजारांत आहे. त्यांच्या रेघा दुर्बिणींच्या छायाचित्रांवर उमटतात म्हणून खगोलशास्त्रज्ञ तक्रार करतात आणि ती रास्तच आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच कंपनीशी दुर्गम भागांतल्या इंटरनेटसाठी इरादापत्र केले आणि त्या भागांत हिंगोलीशेजारचा वाशीम जिल्हाही होता, हेही विसरून चालणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तिथे जमिनीवरचे दिवे झाकता आले. डोक्यावरून जाणारे झाकण्याची सोय कोणाकडेच नाही.

औंढ्याच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञांच्या या तक्रारीला एक अपवाद आहे. तालुक्यातल्या दुधाळा परिसरात उभारली जाणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा प्रकाशाची नव्हे, तर गुरुत्वीय लहरींची आहे, म्हणजे प्रचंड वस्तुमाने एकमेकांवर आदळल्यावर अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची अशी लहर प्रथम टिपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी मिळाली. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यातल्या प्रमुख संस्थांपैकी एक. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा किरण धाडून त्यांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही सूक्ष्म असा फरक मोजायचा, हे त्याचे काम. नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खे देऊळ फिरले अशी आख्यायिका अभिमानाने सांगणाऱ्या गावाशेजारी इतक्या सूक्ष्म हालचालीची मोजदाद व्हावी, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. वरून किती उपग्रह गेले याचे या यंत्राला सोयरसुतक नाही. त्याचे सारे वैर खालच्या जमिनीशी आहे. ट्रकची धडधड, वारा, दूरचा भूकंप, सारे त्यात उमटते. जागा निवडताना जमिनीचा शांतपणा पाहिला गेला होता, आणि तरी २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसलाच. इतकेच काय, चार किलोमीटरची नळी सरळ ठेवायची तर एका टोकाशी जमिनीला टेकलेली रेषा दुसऱ्या टोकाशी सव्वा मीटर वर राहते, कारण मधल्या अंतरात पृथ्वीच तेवढी वळलेली असते; अभियंत्याला बांधकामात सांभाळावी लागणारी ही वक्रता आणि माथ्यावरच्या स्थानकाला सूर्यास्तानंतर तासभर उन्हात ठेवून मग विझवणारी वक्रता एकच आहे.

मंजुरीच्या वेळी लायगो-इंडिया २०३० च्या सुमारास पूर्ण व्हावी असे ठरले होते. अंतराळ स्थानकाचे आयुष्यही तोवर संपत आलेले असेल. २०३०-३१ च्या सुमारास त्याला मुद्दाम खाली आणून दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागात पाडण्याचा बेत असून, त्यासाठीचे यान बनवण्याचे काम जून २०२४ मध्ये स्पेसएक्सकडे सोपवण्यात आले. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि त्याची कक्षाही एक्कावन्न अंशांच्या आसपास नतीची ठेवण्याचा विचार आहे. तसे झाले तर औंढ्यातल्या माणसाला मान वळवण्याची नवी दिशा शिकावी लागणार नाही; आकाराने ते बरेच लहान, म्हणून बरेच मंद असेल, आणि त्याची वेळ मात्र आजच्यासारखीच त्या आठवड्याची त्या आठवड्याला पाहावी लागेल.